सुखभत्ता

सासूबाईंनी आयुष्यात बरेच भत्ते ऐकले होते. महागाईभत्ता ऐकला होता, प्रवासभत्ता ऐकला होता. त्यांच्या नवऱ्याला तर हयात असताना धुलाईभत्ताही मिळायचा, आणि त्यात साबणसुद्धा येत नसे. पण माणूस सुखी आहे म्हणून त्याला वरून पैसे द्यायचे, ही तऱ्हा त्यांना जावयामुळे कळली. कागदोपत्री त्या रकमेचं नाव भलतंच लांबलचक होतं. सासूबाईंनी ते आखूड करून घेतलं: सुखभत्ता. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात त्यांची सगळी उमर गेलेली, त्यामुळे लांब दिसलं की आखूड करायचं, हे हातातच बसलेलं होतं.

त्यांना सासूबाई म्हणायला एकच माणूस हक्काचा होता, पण जावई घरात राहायला आल्यापासून दुकानातही सगळे त्यांना सासूबाईच म्हणू लागले. जावईबुवा पडद्यावरच्या मोटारी पळवायचे. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. त्यांचा एक संघ होता, संघाला प्रायोजक होते, शर्यती बघायला लाखो लोक होते, आणि हे सगळं सासूबाईंच्या मागच्या खोलीत मावलेलं होतं. तिथे एक स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, समोर अर्ध्या भिंतीएवढा पडदा, आणि बसायला खऱ्या मोटारीची सीट. सीटचं कव्हर अर्थात सासूबाईंच्या हातचं, दुहेरी शिलाईचं.

एवढ्या वेगाने जाऊन माणूस जिथल्या तिथेच राहतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूबाईंना हसू आवरेना. महिनाअखेरीला त्या वेगाचे पैसे आले, तेव्हा आवरलं.

सुखभत्ता निघाला त्याचं कारण असं झालं, की दुसऱ्या एका संघाचा खेळाडू भर शर्यतीत झोपला. पाय वेगाच्या पेडलवर तसाच राहिला आणि मोटार सरळ प्रेक्षकांच्या कठड्यात घुसली. कठडा पडद्यावरचा, प्रेक्षक पडद्यावरचे, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. पण त्या पोराचं घोरणं लाखो लोकांनी ऐकलं, आणि आयोजकांच्या पोटात एका रात्रीत माया दाटून आली. नियम निघाला. प्रत्येक खेळाडूने बोटात एक अंगठी घालायची. ती झोप मोजणार, हृदयाचे ठोके मोजणार. शिवाय दर सोमवारी एक सल्लागार खेळाडूच्या घरी फोन करून घरच्या माणसाला विचारणार, की तुमचा माणूस कसा आहे? अंगठी आणि घरचं माणूस दोघांनी चांगलं म्हटलं, तर शर्यत जिंकल्याएवढे पैसे. दोघांपैकी कुणी वाईट म्हटलं, तर डॉक्टर, आणि तो म्हणेल तितके दिवस घरी बसायचं.

झालं! ज्यांना पळण्याची शर्यत पुरत नव्हती, त्यांना आता झोपण्याचीही शर्यत मिळाली.

लेक विमानतळावर पाळ्या करायची, तिचा फोन कधी लागायचा, कधी नाही. म्हणून जावईबुवांनी सल्लागाराला सासूबाईंचा नंबर दिला. पुढे जे काही घडलं, त्याची सुरुवात इथे झाली.

पहिला फोन आला तेव्हा सासूबाई दुकानात मशीनवर होत्या. शेजारी फोमवाली फोम कापत होती. ती कामाला हात लावायची आणि इतरांच्या बोलण्याला कान.

"नमस्कार काकू," पलीकडून एक मधाळ तरुण आवाज आला, "कसे आहेत आपले जावई?"

"बरे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"अजून काही सांगाल?"

"अजून काय? बरे आहेत. तुम्ही बरे आहात ना?"

फोन ठेवताना त्यांना आपण जावयाची चांगली शिफारस केल्यासारखंच वाटत होतं. संध्याकाळी घरी पोचल्या तर जावईबुवा दारातच उभे.

"आई, तुम्ही 'बरे' म्हणालात?"

"मग? बरे नाही आहात का?"

"अहो, 'बरे' म्हणजे मधलं! त्यांच्याकडे पाच पायऱ्या आहेत. उत्तम, छान, बरे, कुरकुर, वाईट. तुम्ही मला मधोमध नेऊन बसवलंत. भत्ता गेला."

"अरे देवा," सासूबाई चप्पल काढता काढता थांबल्या. "घरच्या माणसाला कुणी उत्तम म्हणतं का? तुमचे सासरे गेले तेवढा एक दिवस सोडला, तर जन्मभर मी त्यांना 'बरे आहेत' असंच म्हणत आले. माणसं ऐकून खूश व्हायची."

"त्यांच्या यंत्राला ते कळत नाही."

"आणि तो फोनवरचा सुखवाला? तो तर आपल्याच भाषेत बोलतो की."

"तो बोलतो, आई. टिकमार्क यंत्र करतं."

लेक आतून म्हणाली, "आई, तुझ्या तोंडून आजवर कुणाचं कौतुक निघालंय? माझ्या लग्नात मी कशी दिसत होते विचारलं, तर म्हणालीस 'बरी'."

"दिसतच होतीस बरी!"

"बघ!"

अशा रीतीने सासूबाईंच्या एका शब्दाने घराचं महिन्याचं गणित बिघडलं, आणि त्यांना 'उत्तम' म्हणायची शिकवणी सुरू झाली. जावईबुवा सुखवाला व्हायचे आणि विचारायचे. सासूबाईंच्या जिभेवर शब्द यायचा, पण ओठांपाशी आल्यावर नव्या सुनेसारखा लाजायचा. अखेर त्यांनी एक युक्ती काढली. दुकानात गिऱ्हाईक रेक्झिन बघायला आलं की त्या डोळे मिटून 'उत्तम माल आहे' म्हणायच्याच. त्याच सुरात त्या 'उत्तम माणूस आहे' म्हणू लागल्या. यंत्राला फरक कळला नाही.

अंगठीचं मात्र असं नव्हतं. तिला फसवायला सूर पुरेना. जावईबुवांचा सराव जगाच्या पार पलीकडच्या खेळाडूंबरोबर चालायचा, त्यांचा दिवस म्हणजे इथली रात्र. झोप लागायची ती तुकड्यातुकड्यांची, चिंध्यांच्या गोधडीसारखी. अंगठी रोज सकाळी चहाडी करायची. शेवटी एका संध्याकाळी ते अंगठी घेऊन स्वयंपाकघरात आले.

"आई, तुम्हाला झोप कशी लागते?"

"पडल्या पडल्या."

"हीच घाला मग बोटात."

अंगठीवरून रुसलेले जावई सासूबाईंनी ऐकले होते. पण जावई स्वतःहून अंगठी काढतो आणि सासूच्या हाती देतो, हे त्यांच्या पिढीत कुणाच्या नशिबी आलं नसेल. त्यांनी घातली. करंगळीत बसली. त्या रात्रीपासून जावईबुवांची प्रकृती सुधारली.

रोज सकाळी अंगठी जावईबुवांच्या फोनवर निरोप धाडायची: 'शाब्बास! आज तुम्ही कुणालाही मागे टाकाल.' आणि जिने ही शाब्बासकी कमावली होती, ती डबा घेऊन ट्रकच्या सीटा शिवायला निघालेली असायची.

हळूहळू सासूबाईंना खोटं बोलण्याची गोडीच लागली. सुखवाला विचारायचा एक, त्या सांगायच्या चार. जावई सकाळी गुणगुणतात. बायकोशी हसून बोलतात. झाडांना पाणी घालतात.

"वा! कुठली झाडं आहेत काकू?"

घरात झाड नव्हतं. सासूबाईंनी 'हिरवी' असं उत्तर देऊन वेळ मारून नेली, आणि येताना वाटेत एक कुंडी विकत घेतली. अगदीच निराधार खोटं त्यांना पटत नसे. कुंडीला पाणी त्याच घालायच्या.

"सासूबाई," फोमवाली म्हणायची, "अहो, एवढा सुखी पुरुष मला एकदा दाखवा तरी. आमच्या ह्यांना घेऊन येते. बघून काही शिकतील."

"तो शर्यतीपुरताच सुखी असतो गं."

"मग आमचे बरे म्हणायचे. ते झोपेपुरते तरी असतात."

आणि मग तो दिवस उजाडला, जेव्हा जावईबुवा 'महिन्यातील सर्वांत सुखी खेळाडू' ठरले. त्या वेळी ते आणि लेक टूथपेस्टचं झाकण कुणी उघडं ठेवलं यावरून भांडत होते. भांडणात मागच्या वर्षीची झाकणंही निघाली होती. बक्षिसाचा निरोप आला तसं दोघांनी भांडण तिथेच ठेवलं, हसरा फोटो काढून पाठवला, आणि ज्या वाक्यावर सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं.

सासूबाईंनाही त्या बक्षिसाचा अभिमान वाटला, नाही असं नाही. अर्धं सुख त्यांचंच तर होतं.

एका रविवारी सकाळी जावईबुवांच्या सीटची शिवण उसवली म्हणून सासूबाई घरीच ती टाचायला बसल्या. जावईबुवांनी रेक्झिन ताणून धरलं होतं. तोंड अखंड चालू. शनिवारी वर्षातली शेवटची, सगळ्यांत मोठी शर्यत. त्यातल्या एका वळणावर सगळे ब्रेक दाबतात तिथे ते कसा दाबणार नाहीत, हे ते रंगात येऊन सांगत होते. सासूबाईंचा हात घसरला. जाड टाचणी रेक्झिनमधून आरपार गेली आणि जावईबुवांच्या उजव्या करंगळीत घुसली.

"...आणि तिथून बाहेर पडलो की पुढे सरळ रस्ता," जावईबुवा म्हणाले.

करंगळीवर रक्ताचा थेंब उभा राहिला.

"टोचलं ना?" सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

सासूबाईंनी त्या बोटाकडे पाहिलं. मग टाचणी काढली, आणि शेजारच्या बोटाला हळूच लावली. जावईबुवा रेक्झिनकडे बघत होते. सासूबाईंनी जरा जोर दिला. काही नाही.

"बुवा," त्या म्हणाल्या, "ही दोन बोटं कधीपासून अशी आहेत?"

जावईबुवांनी हात मागे घेतला. "होतं कधीकधी. मुंग्या येतात."

"मुंग्या येऊन गेल्या. आता वारूळ झालंय. कधीपासून?"

"सुखभत्ता सुरू झाला," ते खाली बघत म्हणाले, "साधारण तेव्हापासून."

भत्ता मिळायला लागल्यावर हात दुखतो म्हणायची सोय राहिली नव्हती. म्हणाल तर भत्ता गेला, खेळणं गेलं. म्हणून ते कुणाला बोलले नाहीत, आणि सगळं ठीक आहे हे दाखवायला उलट जास्तच खेळले. गेल्या आठवड्यात दोन कप फुटले होते. ते लेकीच्या नावावर खपून गेले होते.

दुकानात एक जुना कारागीर होता. त्याचीही बोटं आधी बधिर झाली, मग वाकडी, आणि मग वाकडीच राहिली. आता तो गिऱ्हाइकांना चहा विचारायचं काम करतो, आणि स्वतःचा कप दोन्ही हातांनी धरतो. सासूबाईंना तो आठवला.

"उद्याच डॉक्टरकडे जायचं."

"शनिवारनंतर. आई, वर्षभर या शर्यतीसाठी राबलोय. उद्या फोन येईल. एक शब्द म्हणा, नेहमीचा. रविवारी तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो."

लेक कामावरून आली तेव्हा तिलाही कळलं. ती नवऱ्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली, बोटं चोळत. मग आईला म्हणाली, "सहा दिवसांनी काय बिघडतंय, आई? तू गप्प बस. रविवारी मीच ओढत नेते त्याला."

"सहा दिवस हा किती वेळ खेळणार?"

 सहा दिवस म्हणजे झोपेचे तास सोडून सगळे, आणि झोप तर सासूबाईच घेणार होत्या.

सोमवारी फोन आला. फोमवालीने कात्री खाली ठेवली.

"नमस्कार काकू! काय म्हणतात आपले सुखी जावई? नेहमीसारखे उत्तम ना?"

सासूबाईंनी मशीनवरचा पाय काढला. "बरे नाहीत," त्या म्हणाल्या.

"बरे नाहीत," सुखवाल्याने लिहून घेतलं. "म्हणजे त्याहून वरचे. छान लिहू की उत्तम?"

"अहो, बरे नाहीत म्हणजे बरे नाहीत! आजारी आहेत. उजव्या हाताची दोन बोटं मेलीत. टाचणी टोचली तरी कळत नाही."

पलीकडे हसू फुटलं. "काकू, तुम्ही पण ना! शर्यतीच्या आठवड्यात थट्टा? अंगठीचे आकडे माझ्यासमोर आहेत. काय झोप आहे या माणसाची! आणि ठोके तर साधुपुरुषासारखे. एवढी शांत प्रकृती आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नाही."

क्षणभर सासूबाईंना बरंच वाटलं. त्यांच्या प्रकृतीचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण आता खरं बोलतोय आणि आपली झोपच आपल्याविरुद्ध साक्ष देतेय.

"ती झोप माझी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे अंगठी माझ्या बोटात असते. आत्ताही आहे. साधुपुरुष म्हणजे मी."

फोमवालीने तोंडावर हात ठेवला. 

"हो," सुखवाला हळूच म्हणाला, "आत्ता वाढलेत ठोके."

"वाढणारच. चोरी पकडली गेली की वाढतात."

"काकू," त्याचा मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला, साधा दमलेला आवाज राहिला. "यात तुम्ही पहिल्या नाही. एकाची अंगठी मांजराच्या गळ्यात निघाली. त्याची झोप बघून वरच्या साहेबांनी त्याला दुसऱ्यांना शिकवायला बोलावलं होतं."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"जितके खेळाडू 'उत्तम', तितका माझा भत्ता."

"तुम्हालाही आहे?"

"आहे ना. माझ्याही घरी फोन जातो, मी कसा आहे विचारायला. बायको 'उत्तम' म्हणते." तो थांबला. "माहेरून म्हणते. तीन महिने तिकडेच आहे."

 या मुलाने दर सोमवारी सासूबाईंना इतकं विचारलं होतं, त्यांनी त्याला उलट विचारलं ते एकदाच, तेही रीत म्हणून.

"जेवता ना वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"काकू, मी काय लिहू ते सांगा," तो घाईने म्हणाला. "अंगठीचं लिहिलं तर त्यांना संघातून काढतील. हाताचं लिहिलं तर शनिवारी घरी बसवतील. तुम्ही म्हणालात तर मी काहीच ऐकलं नाही. 'उत्तम' लिहितो. सगळे खूश."

शिवता शिवता थांबलेली सुई रेक्झिनमध्ये तशीच रुतून होती. जावई खूश, लेक खूश, हा खूश, आयोजक खूश. एवढ्या सगळ्यांचं सुख हातात असण्याची सासूबाईंना सवय नव्हती. त्यांना फक्त दोन हातांनी धरलेला तो कप दिसत होता.

"हाताचं लिहा."

"आणि अंगठीचा मेळ कसा लावू?"

"लिहा, की माणूस झोपेत ठणठणीत असतो. जागेपणी नसतो."

पलीकडे टकटक ऐकू आली. सुखवाला खरोखरच तसं लिहीत होता.

सासूबाई घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. शनिवारी जावईबुवांच्या जागी राखीव खेळाडू. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, कोपरातली नस दबलीय. वेळेत आलात, पण फार वेळेत नाही. हात वाकवायचा नाही. त्यांनी उजव्या हाताला दंडापासून मनगटापर्यंत पट्टी बांधली. तो हात सरळसोट पुढे राहिला, जणू जावईबुवा सतत कुणाला तरी रस्ता दाखवतायत.

रस्ता दाखवत होते, पण बोलत नव्हते. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर सासूबाई बसलेल्या, आणि ते लेकीला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, पंखा बंद करा." लेक म्हणायची, "आई, पंखा." सासूबाई उठून पंखा बंद करायच्या. लेकही धड बोलत नव्हती. रात्री सासूबाईंच्या बोटात अंगठी नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पडल्या पडल्या झोप लागत नव्हती. ते मात्र कुणी मोजलं नाही.

शुक्रवारी आयोजकांचा फोन आला. खेळाडूच्या प्रकृतीला आम्ही किती जपतो, हे जगाला दाखवायची ही नामी संधी त्यांना दिसली होती. शनिवारी शर्यत सुरू व्हायच्या आधी जावईबुवांनी पट्टी बांधलेल्या हातासह मंचावर यावं, चार शब्द बोलावेत.

"मानधन?" लेकीने विचारलं.

"सन्मान," ते म्हणाले.

"म्हणजे फुकट," लेक फोन ठेवून म्हणाली. "तरी जा. नाही गेलास तर पुढच्या वर्षी विचारायचे नाहीत."

शनिवारी लेकीची सकाळची पाळी होती. जावईबुवांना न्यायला आयोजकांची गाडी दारात यायची वेळ झाली. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मागे पावलं वाजली म्हणून वळल्या, तर जावईबुवा दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, सगळा उघडा. उजवा हात समोरच्या भिंतीकडे रोखलेला. डाव्या हाताने लढून बघितल्याच्या खुणा कपाळावरच्या घामात दिसत होत्या.

"शर्ट," ते भिंतीला म्हणाले.

सासूबाईंनी हात पुसले आणि खालच्या बटणापासून सुरुवात केली. जावईबुवा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले.

"काय बोलणार तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांनी लिहून दिलंय. 'मी शरीराची हाक ऐकली आणि स्वतःहून थांबलो.'"

"चांगलं लिहिलंय."

"आई, मी थांबलो नाही! तुम्ही मला थांबवलंत."

"मग तसं सांगा."

"तसं सांगितलं तर अंगठीचं बाहेर येईल."

"मग हाक ऐकली म्हणा. शरीराने मारली काय नि सासूने मारली काय."

"वर्षभराची मेहनत गेली माझी. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. त्या पैशांतून या खोलीचे पडदे बदलायचे होते."

जावईबुवांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो लगेच जागेवर आणला. सासूबाई कॉलरपाशी पोचल्या होत्या. पट्टीतून बाहेर आलेली करंगळी त्यांच्या खांद्याला टेकली होती, आणि ती जराशी हलली, की त्यांना नुसतंच तसं वाटलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"गळा आवळताय की काय?" जावईबुवा म्हणाले.

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "मान वर करा."